ओंजळभर पाण्याचा पहारा

मे महिन्याच्या सुटीत महिनाभर गावी जाऊन परतलेल्या कुटुंबाला घराचे दार उघडताच एक ठरावीक अनुभव येतो. बंद घराच्या कोंदट हवेबरोबर न्हाणीघरातून गटाराचा वास येत असतो. मग फिनेलची बाटली निघते, मोरीत फिनेल ओतले जाते, वर दोन बादल्या पाणी टाकले जाते आणि तासाभरात वास नाहीसा होतो. श्रेय फिनेलला मिळते. प्रत्यक्षात काम केलेले असते ते वर ओतलेल्या पाण्याने. ते नुसते पाणी असते तरी चालले असते.

मोरीच्या जाळीखाली एक वाकडी नळी किंवा वाटीसारखी रचना असते. तिच्या तळाशी नेहमी थोडे पाणी साठून राहते. वरून पाणी ओतले की जुने पाणी पुढे ढकलले जाते आणि त्याची जागा नवे पाणी घेते. पण तळाची वाटी कधी रिकामी होत नाही. पाणी गटाराकडे जाऊ शकते, पण गटारातली हवा या पाण्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. नळकाम करणारे याला 'ट्रॅप' म्हणतात. आपण 'जलसापळा' म्हणू. त्यात ना झडप आहे, ना स्प्रिंग, ना हलणारा एखादा भाग. पहारा करते ते ओंजळभर पाणी. महिनाभर घर बंद राहिले की हे पाणी वाफ होऊन उडून जाते, पहारेकरी नाहीसा होतो आणि वास आत येतो.

इतकी साधी ही युक्ती. तिच्या भोवतीचा इतिहास मात्र साधा नाही. त्यात एक घड्याळजी आहे, एक आजारी युवराज आहे, चुकीच्या सिद्धांतातून झालेले चांगले काम आहे आणि एकविसाव्या शतकातला एक जीवघेणा धडाही आहे.

मोरी आणि गटार यांची भेट

आधी एक प्रश्न. आपल्याकडील जुन्या वाड्यांतून मोऱ्या होत्या, न्हाण्या होत्या. मग त्यांना जलसापळा का नव्हता? उत्तर सोपे आहे. मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडत असे आणि उघड्या पन्हळीने परसातल्या अळूच्या वाफ्याकडे किंवा केळीच्या बुंध्याशी जात असे. भोकाच्या आत घरची हवा, बाहेर परसातली हवा. अडवायचे काय? मोहेंजोदडोच्या घरांतील न्हाण्यांचे पाणी विटांनी बांधलेल्या गटारांत जात असे, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात असते. ती गटारे रस्त्याकडेने जात आणि पुष्कळ ठिकाणी विटांनी किंवा दगडांनी झाकलेली असत. आजच्यासारखे मैलोन्मैल लांबीचे बंद नळ्यांचे जाळे ते नव्हते.

अडचण सुरू झाली ती घरातली नळी जमिनीखालच्या बंद खड्ड्याला किंवा बंद गटाराला जोडली गेली तेव्हा. ज्या वाटेने पाणी जाते त्याच वाटेने हवा परत येऊ शकते. खड्ड्यातील मैला कुजून त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असे वायू बाहेर पडतात. इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ साली पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. राणी पहिली एलिझाबेथ हिच्यासाठीही त्याने एक बसवला. पण ही कल्पना पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मागे पडली. घराघरातून नळाचे पाणी नव्हते हे एक कारण. खालून परत येणारा वास हे दुसरे.

घड्याळजीचा बाक

१७७५ साली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने लंडनमध्ये शौचकूपाच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले. कमिंग हा साधा कारागीर नव्हता. राजा तिसरा जॉर्ज याच्यासाठी त्याने हवेच्या दाबाची सतत नोंद करणारे घड्याळ बनवले होते. हवेचा दाब आणि नळीतल्या द्रवाची पातळी यांचा संबंध ज्याला रोज हाताळावा लागत होता, त्याला ही युक्ती सुचली हे अगदीच नवलाचे नाही.

कमिंगने भांड्याखालची नळी सरळ खाली न नेता तिला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा बाक दिला. बाकाच्या खालच्या भागात पाणी साठून राहिले आणि खड्ड्यातील हवा व घरातील हवा यांची ताटातूट झाली. गंमत अशी की, त्याच रचनेत भांड्याच्या तळाशी त्याने एक सरकती झडपही बसवली होती. ती गंजे, अडके, गळे. जोसेफ ब्रामा हा सुतारकाम करणारा तरुण असे शौचकूप बसवण्याची कामे करीत असे. त्याने १७७८ साली सरकत्या झडपेऐवजी बिजागरीची झडप वापरून आपले पेटंट घेतले. हाच ब्रामा पुढे द्रवदाबयंत्राच्या निमित्ताने भौतिकीच्या पुस्तकांतून आपल्याला भेटतो. झडपांचे अनेक प्रकार आले आणि गेले. बाक मात्र आजही आपल्या घरात आहे. यंत्राचा जो भाग हलत नाही तो बिघडत नाही, हा धडा त्यात आहे.

येथे एक लोकप्रिय समजूत दूर करायला हवी. फ्लशच्या शौचकूपाचा शोध टॉमस क्रॅपर याने लावला असे पुष्कळदा सांगितले जाते. क्रॅपरने लंडनमध्ये १८६१ साली व्यवसाय सुरू केला. तो उत्तम व्यावसायिक होता, त्याने काही सुधारणाही केल्या. पण तोपर्यंत कमिंगच्या बाकाला ८६ वर्षे झाली होती.

वास म्हणजेच रोग?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील श्रीमंत घरांतून पाण्याचे शौचकूप वाढले. प्रत्येक वापरागणिक कित्येक लिटर पाणी खड्ड्यात जाऊ लागले आणि खड्डे भरून वाहू लागले. मग घरगुती सांडपाणी पावसाच्या गटारांत आणि गटारे थेम्स नदीत सोडण्यात आली. नदीचे पाणी शहरातले लोक पीत होतेच.

त्या काळी रोगांचे कारण म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांपासून निघणारी दूषित हवा, असा सर्वमान्य सिद्धांत होता. हिवतापाला आपण इंग्रजीत 'मलेरिया' म्हणतो. त्या मूळ इटालियन शब्दाचा अर्थही 'वाईट हवा' असाच आहे. सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीचा नेता एडविन चॅडविक याच्या मते तर घाण वास म्हणजेच रोग होता. म्हणूनच घराजवळचा मैला काहीही करून दूर, म्हणजे नदीत, लोटणे त्याला योग्य वाटले. १८५४ साली पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला. पण पाण्यातून रोग पसरतो हे मानायला बहुतेकांची तयारी नव्हती.

१८५८ चा उन्हाळा कडक होता. थेम्स नदीला इतका वास सुटला की नदीकाठच्या पार्लमेंट भवनाचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले. नाकाला झोंबल्यावर कायदा झपाट्याने झाला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने नदीला समांतर अशी मोठी गटारे बांधून सांडपाणी शहराच्या पूर्वेला दूर नेले. हेतू वास हटवण्याचा होता. फळ मिळाले ते पिण्याचे पाणी तुलनेने स्वच्छ झाल्याचे. सिद्धांत चुकला, काम मात्र बरोबर झाले.

युवराजाचा ताप

बॅझलजेटच्या गटारांमुळे एक नवी परिस्थिती निर्माण झाली. आता प्रत्येक घर शहरभर पसरलेल्या एकाच बंद जाळ्याला जोडलेले होते. शेजारच्या वस्तीतील हवा आपल्या न्हाणीघरात येऊ शकत होती. दूषित हवेवर विश्वास असलेल्या लोकांना ही कल्पनाच भयंकर वाटली.

१८७१ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडचा युवराज, म्हणजे नंतरचा सातवा एडवर्ड, विषमज्वराने अंथरुणाला खिळला. त्याआधी तो यॉर्कशायरमधील स्कारबरो येथे एका उमरावाच्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता. त्याच घरी राहिलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि युवराजाचा मोतद्दार हे दोघे त्याच आजाराने मरण पावले. युवराजाचे वडील अल्बर्ट यांचा १४ डिसेंबर १८६१ रोजी झालेला मृत्यूही विषमज्वरानेच झाला असे निदान होते. बरोबर दहा वर्षांनी, त्याच सुमारास, मुलगा मरणाच्या दारी होता. तो वाचला. पण संशयाचे बोट त्या घराच्या नळ्यांकडे आणि 'गटारवायू'कडे वळले.

यानंतर घरातील नळकामाला अचानक प्रतिष्ठा आली. लीड्स शहरातील शल्यविशारद प्रिजिन टील याने १८७८ साली घरगुती नळ्यांतील दोषांवर एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. घर उभे कापल्यासारखी चित्रे, त्यात कुठे सांधा उघडा आहे, कुठे सापळाच नाही आणि वायू बाणांच्या रूपाने झोपायच्या खोलीत कसा शिरतो, हे सामान्य माणसाला पाहताक्षणी कळावे अशी त्याची मांडणी होती. विज्ञानप्रसाराचे ते एक उत्तम उदाहरण आहे.

नळ्या तपासण्याची त्या काळची एक पद्धतही सुंदर होती. गच्चीजवळच्या नळीत एक माणूस पुदिन्याचा अर्क आणि गरम पाणी ओतत असे. दुसरा माणूस घरातल्या खोल्यांतून नुसता हुंगत फिरे. जिथे पुदिन्याचा वास आला तिथे सांधा फुटका किंवा सापळा कोरडा. अर्क ओतणाऱ्याने मात्र घरात यायचे नाही, कारण त्याच्या अंगालाच वास लागलेला असे! प्रयोगात निरीक्षकामुळे दूषण होऊ नये, हा नियम नळकाम करणाऱ्यांनाही ठाऊक होता.

मोजून पाहिल्यावर

भीती मोठी होती. पण गटारातल्या हवेतून जंतू खरोखर येतात का, हे कोणीतरी मोजायला हवे होते.

रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याने १८७७ साली एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने पाण्यात लिथियमचा क्षार विरघळवला. लिथियम ज्योतीत धरले की ज्योत किरमिजी लाल होते, त्यामुळे त्याचा सूक्ष्म अंशही ओळखता येतो. पाणी नुसते ढवळले तर वरच्या हवेत लिथियम फारसे सापडेना. पण त्याच द्रावणात संगमरवराचे तुकडे आणि आम्ल घालून बुडबुडे निर्माण केले, तेव्हा फुटणाऱ्या बुडबुड्यांनी लिथियमचे कण हवेत उडवले आणि ते हवेच्या झोताबरोबर दूर गेले. निष्कर्ष असा की शांत वाहणारे गटार निरुपद्रवी. पण तुंबून, कुजून फसफसणारे गटार धोक्याचे.

पुढे टॉमस कार्नेली आणि जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी पार्लमेंट भवनाखालची आणि डंडी शहरातली गटारे तपासली आणि १८८७ साली निष्कर्ष मांडले. गटारातल्या हवेत सूक्ष्मजंतू बाहेरच्या हवेपेक्षा कमीच आढळले! ओल्या भिंतींवर ते चिकटून बसत असावेत. मात्र जिथे पाणी उंचावरून आदळून शिंतोडे उडत होते तिथे त्यांची संख्या वाढत होती. हे हॉल्डेन म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील. मुलगा पुढे भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तला.

तोवर जंतुशास्त्र रुजले होते. विषमज्वराचा जंतू १८८० साली एबेर्टने पाहिला होता. पटकीचा जंतू कॉख याने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे शोधला होता. हे रोग मुख्यतः पाणी आणि अन्न यांतून पसरतात हे स्पष्ट झाले. गटारवायूचा सिद्धांत मागे पडला. तरीही १९०७ साली ब्रिटिश लष्करातील डॉक्टर हॉरॉक्स याने जिब्राल्टर येथे केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सांडपाण्यात लाल रंग निर्माण करणारा, सहज ओळखू येणारा एक जंतू मिसळून त्याने नळ्यांच्या वरच्या तोंडांशी पोषक माध्यमाच्या बशा ठेवल्या. बशांवर लाल ठिपके उगवले. फुटणारे बुडबुडे आणि शिंतोडे जंतूंना हवेत चढवतात, हे फ्रँकलंडचे म्हणणे आता जिवंत जंतूंच्या बाबतीतही खरे ठरले. पण रोगांची मुख्य वाट दुसरीच असल्यामुळे या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जलसापळा उरला तो केवळ वास अडवणारी सोय म्हणून.

मुंबई आणि 'नहाणी ट्रॅप'

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली मिळू लागले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. आत येणारे पाणी वाढले की बाहेर जाणारे पाणीही वाढते. विहिरीवरून घागरीने आणलेले पाणी जपून वापरले जाते. नळाचे पाणी वाहते. त्यामुळे नळाच्या मागोमाग बंद गटारे येणे अपरिहार्य होते.

दूषित हवेचा सिद्धांत आपल्याकडेही किती खोल रुजला होता, ते १८९६ च्या प्लेगमध्ये दिसले. मुंबईत साथ सुरू होताच गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुवून काढण्यावर प्रचंड जोर दिला गेला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो ही कल्पना पॉल-लुई सिमाँ याने मांडली ती १८९८ साली. गटारे धुतल्याने उंदरांच्या पिसवा मरत नाहीत.

या साऱ्या काळात इंग्रजी नळकाम आणि देशी न्हाणी यांचा एक संकर झाला. युरोपात माणूस टबात आंघोळ करतो; जमिनीवर पाणी सांडणे हा अपघात असतो. आपण जमिनीवर बसून किंवा उभे राहून अंगावर तांब्याने पाणी ओतून घेतो. त्यामुळे जमिनीतच बसणारा, वर जाळी असलेला, उथळ सापळा हवा होता. तो घडला आणि त्याला नाव मिळाले 'नहाणी ट्रॅप'. भारतातल्या इंग्रजी अभियांत्रिकी पुस्तकांतही तो 'नहाणी ट्रॅप' म्हणूनच येतो. आपल्या 'न्हाणी'ने तांत्रिक इंग्रजीत असे घर केले आहे. घराबाहेर सांडपाणी सार्वजनिक गटारात जाण्यापूर्वी आणखी एक सापळा असतो. त्याला 'गली ट्रॅप' म्हणतात.

तेहतीस मजले आणि कोरडे सापळे

२००३ सालच्या मार्च महिन्यात हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या नव्या श्वसनरोगाची मोठी साथ उद्भवली. १५ एप्रिलपर्यंत तेथे ३२१ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ४१ टक्के एकट्या 'ई' इमारतीतील होते. ३३ मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर ८ सदनिका. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे, पण एकाच उभ्या रांगेतल्या सदनिकांत राहणारी, आजारी पडत होती. एकाखाली एक असलेल्या न्हाणीघरांना जोडणारी वस्तू एकच होती: मैला वाहून नेणारी उभी नळी.

हाँगकाँगच्या आरोग्य खात्याने तपास केला. एक बाधित माणूस १४ आणि १९ मार्चला त्या इमारतीत नातेवाइकाकडे येऊन राहिला होता आणि त्याला जुलाब होत होते. विषाणू त्याच्या मैल्यात होता. न्हाणीघराच्या जमिनीतील मोऱ्यांना जलसापळे होते. पण तेथील अनेक रहिवासी जमीन पाणी ओतून न धुता ओल्या फडक्याने पुसत असत. त्यामुळे सापळ्यांत नवे पाणी जात नव्हते आणि पुष्कळ सापळे कोरडे पडले होते. न्हाणीघराचे दार बंद करून हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की खोलीतील दाब किंचित कमी होई आणि कोरड्या मोरीतून नळीतली हवा, तिच्यातील सूक्ष्म थेंबांसह, आत ओढली जाई. उंचावरून आदळणारे पाणी, शिंतोडे आणि हवा: हॉरॉक्सने ९६ वर्षांपूर्वी दाखवलेली हीच वाट होती.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याला पुढची जोड दिली. न्हाणीघरातून बाहेर फेकलेली हवा इमारतींमधल्या उंच अरुंद पोकळीतून वर चढली आणि वाऱ्याने शेजारच्या इमारतींकडे गेली, असे संगणकीय प्रतिकृतीवरून दिसले. उंदरांमुळेही प्रसार झाला असावा असे काहींनी सुचवले. घडलेल्या साथीचे कारण परिस्थितीजन्य पुराव्यावरूनच ठरवावे लागते, त्यामुळे असे मतभेद स्वाभाविक आहेत. परंतु कोरड्या सापळ्याचा दुवा बहुतेकांना मान्य झाला. २०२० साली कोविडच्या सुरुवातीला चीनमधील ग्वांगजौ येथे एका उंच इमारतीतील एकाच उभ्या नळीवरच्या तीन कुटुंबांतील नऊ जणांना लागण झाल्याचे आढळले. तेव्हा संशोधकांनी नळीत एक शोधक वायू सोडून तो वरच्या सदनिकांत पोचतो का, हे पाहिले. पुदिन्याच्या अर्काचीच ती आधुनिक आवृत्ती.

सारांश, १८७१ मधला 'गटारवायू'चा सिद्धांत विषमज्वराच्या बाबतीत चुकीचा होता. पण त्यातून निघालेली, घरातली आणि गटारातली हवा वेगळी ठेवण्याची दक्षता चुकीची नव्हती.

सापळा का रिकामा होतो?

सापळ्यातील पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर असते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. म्हणजे हा अडसर वातावरणाच्या दाबाच्या दोनशेव्या भागाच्या आसपासचा फरक सोसू शकतो. त्याहून खूप अधिक नाही. तो मोडण्याची चार मुख्य कारणे आहेत.

पहिले बाष्पीभवन; ते वर आलेच. दुसरे सायफन. नळीतून पाणी भरभरून गेले की ते मागचे पाणी ओढून नेते आणि सापळा रिता होतो. तिसरे, वरच्या मजल्यावरून बदाबदा पडणारे पाणी. ते उभ्या नळीत दट्ट्यासारखे उतरते. त्याच्या मागे दाब कमी होतो आणि खालच्या मजल्यांचे सापळे ओढले जातात. पुढे दाब वाढतो आणि सापळ्यातून 'गुडगुड' आवाज येऊन पाणी वर उसळते. यावरचा उपाय म्हणजे नळी गच्चीपर्यंत नेऊन वर उघडी ठेवणे आणि सापळ्यांना हवेची वेगळी नळी जोडणे. गच्चीवरची ती उघडी नळी निरुपयोगी समजून तिच्या तोंडाशी बोळा कोंबणारे लोक असतात. तसे करू नये. चौथे कारण मजेदार आहे. केसांचा झुबका किंवा पोछ्याचा दोरा सापळ्याच्या काठावरून पलीकडे लोंबत राहिला, तर केशाकर्षणाने तो दिव्याच्या वातीसारखा पाणी शोषून पलीकडे ठिबकवतो. रात्रभरात पातळी उतरते.

हे सारे वर्गात दाखवता येते. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी सुमारे एक मीटर घ्या. फळीवर ती आडव्या 'एस'सारखी बांधा. शेवटचा पाय लांब, खाली लोंबता ठेवा. थोडे रंगीत पाणी ओता. एका तोंडाशी उदबत्तीचा धूर सोडा. तो पलीकडे जात नाही. आता हलकेच फुंकून दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक पट्टीने मोजा. मग नरसाळ्यातून एकदम पुष्कळ पाणी ओता. पाणी भरून वाहिले की सापळा रिकामा होतो. बाकाच्या माथ्यावर तापलेल्या खिळ्याने भोक पाडून तोच प्रयोग पुन्हा करा. आता हवा शिरते, सायफन तुटतो आणि पाणी टिकते. गच्चीवरच्या नळीचे काम विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. बाष्पीभवनासाठी दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरून एकीत चमचाभर गोडेतेल टाका आणि दर आठवड्याला पातळीची खूण करा.

घरी करायचे ते एवढेच. वापरात नसलेल्या मोरीत आणि बेसिनमध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. गावी जाताना मोरीत पाणी ओतून वर चमचाभर तेल टाकावे; बाष्पीभवन मंदावते. महिन्यातून एकदा जाळी काढून केस आणि दोरे बाहेर काढावेत. बेसिनखालच्या बाटलीसारख्या सापळ्याचा तळ हाताने फिरवून उघडता येतो. खाली बादली ठेवून तो साफ करावा. तुंबले की तीव्र आम्ल ओतण्याची घाई करू नये, आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन निघतो. पाणी ओतूनही वास राहिला, तर दोष सापळ्यात नसून सांध्यात किंवा हवेच्या नळीत आहे असे समजून जाणकाराला बोलवावे.

ज्यांच्यासाठी सापळा नाही

या इतिहासाची एक बाजू सांगायला हवी. जलसापळा घरातल्या माणसांना गटाराच्या हवेपासून वाचवतो. पण तुंबलेल्या गटारात जो उतरतो त्याच्या आणि त्या हवेच्या मध्ये काहीच नसते. हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो. पण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की वासाची संवेदनाच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पुढच्या काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही तसाच जातो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला; २०२३ साली ती ३० लाख केली. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

या मृत्यूंचा आपल्या मोरीशी थेट संबंध आहे. जाळी काढून मोरीत लोटलेली प्लास्टिकची पिशवी, चिंधी, तेलकट खरकटे हे सारे आपल्या सापळ्यातून पुढे जाते आणि रस्त्याखालच्या चेंबरमध्ये अडकते. आपली मोरी मोकळी होते, गटार तुंबते. मग कोणाला तरी तेथे उतरवले जाते. म्हणून मुलांना जलसापळा शिकवताना त्याच्या दोन्ही बाजू शिकवाव्यात: अलीकडचे पाणी टिकवणे आणि पलीकडे पाण्याशिवाय काही न जाऊ देणे.